टोनरचा सेट प्रिंटरच्याच किमतीला, मग नवा प्रिंटर का घेऊ नये?

प्रश्न असा आहे. घरी कलर लेझर प्रिंटर घेऊन सव्वा वर्ष झालं. आठवड्यातून चार-पाच वेळा तो लागतो, पण एका वेळी एखाद-दुसरं पानच निघतं. आतापर्यंत साधारण ६०० पानं झाली, त्यात रंगीत जेमतेम १५०. काम झालं की वीज वाया जाऊ नये म्हणून प्रिंटर भिंतीवरच्या बटणानेच बंद केला जातो. आता काळा टोनर तळाला गेलाय आणि तिन्ही रंगही १० टक्क्यांवर आलेत. चारही टोनरचा सेट विचारला तर तो नव्या प्रिंटरच्याच किमतीचा. मग दरवेळी नवा प्रिंटरच का घेऊ नये? आणि दीडशे पानांत तीन रंग संपलेच कसे?

आधी उत्तर सांगतो, हिशेब मागून. नवा प्रिंटर घेऊ नका. चारही टोनर एकाच दिवशी घेऊ नका. आणि ते भिंतीवरचं बटण आजपासून चालूच राहू द्या. तुमचा खर्च वाढलाय तो पानांमुळे कमी आणि त्या बटणामुळे जास्त.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं वाटणं साहजिक आहे. पण नव्या प्रिंटरच्या खोक्यात जे टोनर येतात ते बहुधा 'स्टार्टर' असतात. बाहेरून अगदी दुकानातल्या कार्ट्रिजसारखेच दिसतात, आत पावडर मात्र कमी भरलेली असते. किती कमी, ते मॉडेलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, फक्त पहिल्या पानावर नसतं. किमती जागोजागी वेगळ्या, म्हणून मी रक्कम लिहीत नाही. तुमच्या प्रिंटरची किंमत १०० भाग धरतो आणि बाकी सगळं त्या मापात मोजतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण घरगुती मशीनमध्ये प्रमाण साधारण असंच पडतं. तुमच्या मॉडेलचे खरे आकडे मिळाले की तेच इथे घाला.

समजा स्टार्टरमध्ये काळा ७०० पानांचा आणि प्रत्येक रंग ५०० पानांचा आहे. विकतचा काळा टोनर २२ भागांना, १५०० पानांचा. प्रत्येक रंग २६ भागांना, १२०० पानांचा. सेट झाला २२ अधिक ७८, म्हणजे बरोबर १०० भाग. त्याच १०० भागांत नवा प्रिंटर घेतला तर ५०० रंगीत पानं मिळतात, सेट घेतला तर १२००. शंभर रंगीत पानांचा टोनर सेटमधून सुमारे ८ भागांना पडतो, नव्या प्रिंटरच्या स्टार्टरमधून २० भागांना. शिवाय धडधाकट मशीन भंगारात जातं ते वेगळंच.

याला अपवाद आहे, पण तो तुमचा नाही. टोनरबरोबरच ड्रम (ज्यावर पानाचं चित्र तयार होतं तो रोलर), ट्रान्सफर बेल्ट (रंग कागदापर्यंत नेणारा पट्टा) आणि फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) हेही आयुष्याच्या शेवटाला आले असतील तर सगळं मिळून खर्च नव्या मशीनच्या दीड-दोन पट होतो. तेव्हा मीसुद्धा जुनं मशीन सोडून द्यायला सांगतो. ६०० पानांना ही वेळ येत नाही.

आता ते 'पानं' म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. खोक्यावर १२०० पानं लिहिलेलं असतं तेव्हा ते पान तुमचं नसतं. रंगीत टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७९८ नावाचं मानक आहे, काळ्या लेझरसाठी १९७५२. ठरलेली नमुना पानं ठरलेल्या तापमानाच्या खोलीत, अनेक कार्ट्रिज वापरून, शक्यतो सलग छापत राहायची आणि सरासरी काढायची, अशी ती पद्धत. त्या पानांवर प्रत्येक रंग कागदाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापतो. ए-४ कागदाच्या ५ टक्के म्हणजे किती, हे मी लोकांना पट्टी घेऊन काढून दाखवतो: साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन, जेमतेम त्याहून किंचित मोठा. असे चार रंगांचे चार चौकोन, बाकी पान कोरं. मानकातलं रंगीत पान ते एवढंच.

आता तुमच्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी गडद निळ्या पार्श्वभूमीची स्लाइड छापली असं समजा. तिथे सायन, म्हणजे प्रिंटरचा निळसर रंग, जवळजवळ सबंध पानभर पसरतो. एका स्लाइडमध्ये वीस मानक पानांचा सायन गेला. १२०० पानांचं कार्ट्रिज अशा साठ स्लाइडमध्ये आटोपतं. गडद फोटोत चारही रंगांचे थर मिळून दीडशे टक्के सहज होतात, मानक पानात ते २० असतात, म्हणजे एक फोटो सात-आठ पानांचा टोनर घेतो. उलट दोन ओळींचं शीर्षक तेवढं लाल आणि बाकी मजकूर काळा असेल तर रंगाचा खर्च नगण्य. 'रंगीत पान' हा एकच शब्द या दोन्हींना वापरला की हिशेब कधीच जुळत नाही.

पण तुमच्या १५० पानांत अशा स्लाइड फार नसाव्यात असं धरू. तरी ५०० पानांच्या कार्ट्रिजचा ९० टक्के भाग संपला, म्हणजे ४५० पानांचा रंग गेला. १५० पानांचा छपाईत, मग उरलेल्या ३०० पानांचा कुठे?

बहुतेक कलर लेझरमध्ये चार रंग चार वेगवेगळ्या ड्रमवर तयार होतात आणि एकावर एक बसतात. केसाएवढा फरक पडला तरी अक्षराच्या कडेला लाल-निळी झालर दिसते. म्हणून मशीन अधूनमधून स्वतःचं कॅलिब्रेशन करतं: आतल्या बेल्टवर चारही रंगांचे पट्टे छापतं, सेन्सरने त्यांची जागा आणि गडदपणा मोजतं आणि मग ते पट्टे पुसून वेस्ट टोनरच्या डब्यात टाकतं. कागद निघत नाही, पान मोजलं जात नाही, टोनर मात्र जातो. हे कधी होतं? ठरावीक पानांनंतर, तापमान-आर्द्रता बदलली की, कार्ट्रिज बदललं की, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मेन बटण बंद करून पुन्हा चालू केलं की. प्रिंटर चालू केल्यावर मिनिटभर जी घरघर येते, तिला लोक 'गरम होतोय' म्हणतात. त्यात बराचसा भाग या कामाचा असतो.

सव्वा वर्षात ६५ आठवडे. आठवड्याला चार-पाच वेळा बटण चालू केलं, म्हणजे साधारण ३०० वेळा. प्रत्येक वेळी एका मानक पानाएवढाही रंग गेला असं धरलं तरी ३०० पानांचा हिशेब तिथेच लागतो. तुमच्या मॉडेलमध्ये एका वेळचा खर्च याहून कमी असेल, तर उरलेला दोष पुढे सांगतोय त्या दोन गोष्टींचा, त्यातही पहिलीचा जास्त. पण पहिला संशय मी बटणावरच घेईन. वीसेक वर्षं ही मशीनं उघडतोय. 'रंगीत छापतच नाही तरी रंग संपतो' अशा तक्रारींत सर्वांत आधी मी हेच विचारतो की प्रिंटर बंद कुठून करता.

आणि वाचवलेली वीज किती? आजचा घरगुती लेझर स्लीपमध्ये, म्हणजे काम नसताना झोपलेल्या अवस्थेत, साधारण एखादा वॅट घेतो. एक वॅट वर्षभर सलग म्हणजे पावणेनऊ युनिट, दीड किलोवॅटचा गीझर सहा तास चालवण्याएवढी. दुसऱ्या पारड्यात टोनर ठेवू. वर्षाला १२० रंगीत आणि ३६० काळी पानं अशी तुमची छपाई. नुसत्या छपाईला वर्षाचा टोनर लागतो सुमारे १५ भागांचा. सध्याच्या सवयीने जातो सुमारे ३० भागांचा. फरक प्रिंटरच्या किमतीच्या पंधरा टक्के, दरवर्षी. तुमचा वीजदर तुम्हाला माहीत आहे, नऊ युनिटशी तुलना तुम्हीच करा.

स्लीप चालू आहे ना, एवढं मात्र नक्की बघा. काही जण पहिलं पान पटकन यावं म्हणून स्लीप बंद करून ठेवतात. मग फ्यूजर कोमट ठेवण्यासाठी मशीन सतत वीज खातं. जुन्या धाटणीच्या कलर लेझरला त्या अवस्थेत ५० वॅट लागले तर वर्षाला ४३८ युनिट झाले. म्हणजे भिंतीवरून बंद करणं चूक आणि सतत जागं ठेवणं त्याहून मोठी चूक. पाच-दहा मिनिटांत झोपी जाईल असं सेटिंग ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. आठ-पंधरा दिवस गावाला जाताना खुशाल बंद करा.

प्रत्यक्ष छपाईची वीज मोजत बसायच्या लायकीची नाही. मिनिटाला वीस पानांचं मशीन सरासरी ४०० वॅट धरलं तर ५०० पानांचं अख्खं रीम २५ मिनिटांत निघतं आणि युनिटचा सहावा हिस्सा जातो. सुरुवातीला मात्र फ्यूजर तापताना झटका मोठा असतो, हजार वॅट किंवा त्याहून जास्त, म्हणून लेझर प्रिंटर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नये. यूपीएस जळाल्यावर दोष प्रिंटरला देणारे भेटतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, प्रिंटर ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) कलरवर असणं. कारखान्यातून येताना तो तसाच येतो. तुम्हाला काळी दिसणारी बरीच पानं प्रिंटरला काळी वाटत नाहीत. वेबपेजवरची अक्षरं पुष्कळदा गडद करड्या रंगाची असतात. कलर मोडमध्ये ते करडं सायन, मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), पिवळा आणि काळा मिसळून बनू शकतं. अर्जाच्या कोपऱ्यातलं इवलंसं निळं बोधचिन्ह सबंध पानाला रंगीत ठरवतं, मग चारही ड्रम कामाला लागतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे मोबाइलने फोटो काढून पाठवलेल्या वर्कशीट. त्या चित्रातला कागद पांढरा नसतोच. पिवळसर किंवा करड्या छटेचा असतो, एका बाजूला हाताची सावली असते. प्रिंटर इमानेइतबारे ती छटा पानभर छापतो. डोळ्याला जाणवत नाही, पण पानभर पाच टक्के पिवळा आणि पाच टक्के मॅजेंटा म्हणजे त्या रंगांचं एकेक मानक पान संपलं. तुमच्या ४५० 'काळ्या' पानांत अशा वर्कशीट किती होत्या ते आठवून बघा.

उपाय सोपा आहे. ड्रायव्हरच्या कायमच्या सेटिंगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट किंवा ग्रेस्केल ठेवा, आणि ग्रेस्केलसाठी 'फक्त काळा टोनर' असा वेगळा पर्याय असेल तर तोही निवडा, कारण काही ड्रायव्हर ग्रेस्केलचे फोटोही चार रंग मिसळून छापतात. रंग हवा असेल तेव्हा मुद्दाम कलर निवडायचा. स्कॅन केलेलं पान छापण्याआधी मोबाइलमधल्या स्कॅनर ॲपमध्ये 'डॉक्युमेंट' किंवा काळा-पांढरा फिल्टर लावला की ती छटा निघून जाते. मी तर घरच्यांच्या संगणकावर एकाच मशीनचे दोन प्रिंटर करून ठेवलेत, एकाचं नाव 'काळा' आणि दुसऱ्याचं 'रंगीत'. तेव्हापासून मला कुणी सेटिंग विचारत नाही.

दुसरी गोष्ट, एकेक पान वेगळं छापणं. हुकूम आला की मशीन झोपेतून उठतं, फ्यूजर तापवतं, ड्रम आणि त्याला टोनर लावणारा डेव्हलपर रोलर आधी थोडे फिरवतं, पान काढतं, नंतर पुन्हा थोडे फिरवतं. एक पान असो की दहा, ही आधीची-नंतरची फिरकी तेवढीच. ड्रम झिजतो तो पानांनी नाही, फिरण्याने. म्हणून काही माहितीपत्रकांत ड्रमचं आयुष्य 'एका वेळी एक पान' आणि 'एका वेळी तीन पानं' असं वेगवेगळं दिलेलं असतं आणि दोन्हींत बराच फरक असतो. मी घरगुती वापराला छापील आकड्याच्या दोन-तृतीयांशच धरतो. ४५ भागांचा आणि १५,००० पानांचा ड्रम सेट असेल तर १०,००० पानांचा धरा. शंभर पानांना अर्ध्या भागाच्या आत पडतो. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असं छापण्याऐवजी दिवसाची पानं एकदम काढता आली तर उत्तम. जमलं नाही तर जिवाला लावून घेऊ नका, यात टोनरइतका तोटा नाही.

ड्रमबद्दल आणखी एक, कारण प्रिंटर निवडताना इथे फसगत होते. काही मशीनमध्ये ड्रम टोनरच्या कार्ट्रिजमध्येच असतो, काहींत वेगळा. पहिल्या प्रकारात कार्ट्रिज महाग दिसतं, पण दरवेळी नवा ड्रम येतो आणि पुढे मोठं बिल येत नाही. दुसऱ्यात टोनर स्वस्त दिसतो आणि तीन-चार वर्षांनी ड्रमचा खर्च एकदम समोर उभा राहतो. नुसत्या टोनरच्या किमतीवर दोघांची तुलना करू नये. बेल्ट, फ्यूजर, वेस्टचा डबा यांचा घरी शंभर पानांमागे वाटा दशांश भागात मावतो. कागद धरा शंभर पानांना अर्ध्या भागाच्या आत. दोन्ही बाजूंनी छापलं की कागद निम्मा होतो, टोनर तेवढाच लागतो, एवढंच लक्षात असू द्या.

सगळं जोडलं तर शंभर काळी पानं साधारण अडीच भागांना पडतात आणि शंभर रंगीत नऊ भागांना. आता पाच वर्षांचं चित्र बघा. महिन्याला चाळीस पानं हा तुमचा वेग, चौथा हिस्सा रंगीत. पाच वर्षांत २४०० पानं, चालवण्याचा खर्च शंभराच्या आत-बाहेर आणि मशीनचे १००. म्हणजे तुमच्या पाच वर्षांतला निम्मा खर्च खरेदीच्या दिवशीच होऊन गेलाय, तो परत येणार नाही. नवा प्रिंटर घेणं म्हणजे तोच निम्मा पुन्हा भरणं. याउलट महिन्याला २०० पानं, त्यात तिसरा हिस्सा रंगीत अशा घरात चालवण्याचा खर्च साडेपाचशे भागांच्या घरात जातो आणि मशीनची किंमत एकूण खर्चाच्या सातव्या हिश्श्याएवढी राहते. अशांनी महाग मशीन आणि स्वस्त टोनर हाच सौदा करावा. आणि महिन्याला दहाच पानं छापणाऱ्यांचं? पाच वर्षांत ६०० पानं, ती बहुतेक स्टार्टरमध्येच होतात, मग शंभर पानांना सतरा-अठरा भाग पडतात आणि त्यात टोनर जवळपास नाहीच, सगळी मशीनची किंमत. त्यांना मी कलर लेझर घेऊच देत नाही. साधा काळा लेझर घरात आणि रंगीत लागेल तेव्हा बाहेर, हे त्यांना स्वस्त पडतं.

इंक टँक, म्हणजे टाकीत शाई भरायचा प्रिंटर, का नको, हा प्रश्न यापाठोपाठ येतोच. शंभर पानांची शाई तिथे फार स्वस्त पडते, फोटोही कितीतरी चांगले येतात. रोज-दोन दिवसांनी रंगीत छापणाऱ्या घरात मी तेच सुचवीन. पण शाई ओली असते. महिनाभर हात लावला नाही तर शाई फवारणारं हेड वाळतं, ते साफ करायला शाईच खर्च होते, आणि मग टाकीतली स्वस्त शाई वाया गेलेली शाई शोषणाऱ्या स्पंजात जाऊन बसते. लेझरची जात कोरडी. १९३८ साली अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसनने या पद्धतीने पहिली प्रत काढली तीच मुळी कोरड्या भुकटीने, आणि नंतर रूढ झालेला झेरोग्राफी हा शब्द 'कोरडं लेखन' अशाच ग्रीक अर्थाचा आहे. तीन महिने विसरा, लेझर पहिलं पान स्वच्छ देतो. ज्यांची छपाई लहरीवर चालते त्यांच्यासाठी हा गुण पैशात मोजण्यासारखा आहे. फोटो मात्र लेझरवर छापू नका. आणि इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर तर चुकूनही घालू नका. फ्यूजरच्या उष्णतेने त्याचा लेप वितळून रोलरला चिकटतो आणि एका फोटोपायी फ्यूजर बदलावा लागतो.

मग आता काय घ्यायचं? काळा टोनर घ्या, तो खरोखर संपतोय: ७०० पानांचा होता, ६०० झाली. तोही लगेच बदलू नका. 'टोनर लो' हा इशारा पावडर तोलून दिलेला नसतो. बहुतेक मशीन छापलेले ठिपके आणि रोलरच्या फेऱ्या मोजून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज सहसा घाबरट असतो. सेटिंगमध्ये टोनर कमी असताना थांबायचं की छापत राहायचं असा पर्याय शोधा आणि छापत राहा निवडा. अक्षरं फिकी दिसू लागली की बदला. एक खबरदारी: बऱ्याच मशीनना एक रंग पूर्ण संपला की काळंही छापता येत नाही, तेव्हा रंग अगदी शून्यावर यायच्या आत ते कार्ट्रिज घरात असलं पाहिजे. रंग एकेक करून घ्या, जो आधी फिका पडेल तो. तुमच्या वापराला जास्त पानांचं मोठं रंगीत कार्ट्रिज घेण्यात अर्थ नाही. वर्षाला १२० रंगीत पानं असतील तर साधं १२०० चं सुद्धा वर्षानुवर्षं पुरेल, मोठ्यात पैसे अडकून पडतील.

कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं पण तुमच्या प्रिंटरला बसणारं कार्ट्रिज, घ्यावं का? याला सरळ हो-नाही उत्तर नाही. कायद्याच्या अंगाने बोलायचं तर वापरलेलं कार्ट्रिज पुन्हा भरून विकण्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात २०१७ साली निकाल लागला की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पण न्यायालयात हरलेली गोष्ट कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये जिंकता येते. फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्राम) अपडेट झाला आणि कालपर्यंत चालणारं कंपॅटिबल कार्ट्रिज आज ओळखलंच जात नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. पावडरीचंही असंच. प्रत्येक मशीनच्या टोनरचा वितळण्याचा बिंदू त्याच्या फ्यूजरला जुळवलेला असतो. एकदा मीच हात पोळून घेतलाय: सैल पावडर आणून माझ्या मशीनचं मॅजेंटा भरलं, ते फ्यूजरला नीट चिकटेना, रोलरवर साठत गेलं, आणि दोन आठवड्यांत प्रत्येक पानावर खालच्या बाजूला गुलाबी सावली. वाचवलेल्या पैशांच्या चौपट फ्यूजरला गेले.

तेव्हापासून माझा नियम असा. काळा टोनर चांगल्या अनुभवाच्या उत्पादकाचा कंपॅटिबल चालतो. त्यात खप जास्त म्हणून बचतही खरी, आणि छटा चुकायचा प्रश्न नाही. रंग ओरिजिनल, निदान तुमच्यासारख्या कमी वापराच्या घरात, कारण वर्षाला बचत किरकोळ आणि धोका पुरा. रंगात कंपॅटिबल घ्यायचेच तर तिन्ही एकाच उत्पादकाचे घ्या. घरी पावडर भरण्याच्या भानगडीत पडू नका. कधी सांडलीच तर गरम पाणी लावू नका, ती उष्णतेनेच चिकटते. आणि घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, कण पाच-दहा मायक्रॉनचे असतात, फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडतात. ओल्या फडक्याने, थंड पाण्याने पुसा.

आता एक प्रयोग करा. प्रिंटरच्या मेनूत सप्लाय स्टेटस किंवा युसेज पेज असा पर्याय असतो. ते पान आज काढा. त्यावर चारही रंगांची टक्केवारी, काळ्या आणि रंगीत पानांची वेगवेगळी संख्या, ड्रमचं उरलेलं आयुष्य, बहुतेक सगळं असतं. रंगीत पानांचा आकडा तुमच्या १५० पेक्षा फार जास्त निघाला, तर ड्रायव्हर तुमची काळी पानं रंगीत म्हणून छापत होता, हे तिथेच कळेल. मग सेटिंग बदला, बटण चालू ठेवा, आणि महिनाभराने तेच पान पुन्हा काढा. तुमच्या वेगाने महिन्याला दहा रंगीत पानं म्हणजे ५०० पानांच्या स्टार्टरमधले दोन टक्के. दोन-तीन टक्के उतरले असतील तर सगळं ठीक. सवयी बदलूनही सहा-सात टक्के उतरलेच, तर प्रिंटर कुठे ठेवलाय ते बघा: खिडकीशी, स्वयंपाकघराच्या वाफेत किंवा एसीच्या झोताखाली असेल तर तापमान-आर्द्रतेच्या चढउतारामुळे तो पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करत असतो. जागा बदला आणि आणखी एक महिना मोजा.